ज्ञानतंतूंची वाटचाल : रोज एक मिलिमीटर

(जिल्हा पातळीवरील आरोग्यशिक्षण शिबिरात शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हा सभागृहात थोडी चुळबुळ झाली. ती साहजिक आहे. कला शाखेचा पदवीधर असलेला माहिती खात्यातील मनुष्य चेतापेशींच्या रेणुविज्ञानावर काय बोलणार, ही शंका मी आपल्या जागी असतो तर मलाही आली असती. माझा अधिकार इतकाच की, तज्ज्ञांची टिपणे वाचून ती चारचौघांच्या भाषेत मांडण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. शिवाय हा विषय प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. तो थेट आपल्या गावच्या दवाखान्यापर्यंत येऊन पोहोचतो.

उसाच्या फडात कोयता निसटतो आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लागतो. रक्त थांबते, टाके पडतात, दहा-बारा दिवसांत जखम भरून येते. घरचे लोक म्हणतात, सुटलो. परंतु करंगळी बधिरच राहते आणि पंज्यातली ताकद दिवसेंदिवस कमी होत जाते. मग "जखमेने हात जड झाला", "हळूहळू येईल" असे म्हणत सहा महिने जातात, वर्ष जाते. वस्तुतः कातडी भरून येणे आणि ज्ञानतंतू पूर्ववत होणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. कातडीच्या पेशी जागच्या जागी वाढतात आणि जखम बुजवितात. ज्ञानतंतूला मात्र चालावे लागते.

चालावे लागते, हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. बोटाला स्पर्श कळविणारा किंवा बोट हलविणारा तंतू म्हणजे विजेची तार नव्हे. तो एका जिवंत पेशीचा लांबच लांब वाढलेला अवयव आहे. त्या पेशीचे मूळ शरीर पाठीच्या कण्यात किंवा त्याच्या अगदी लगत असते. ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही लहान असते. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतू मात्र सुमारे १ मीटर लांब असतो. प्रमाणच काढावयाचे तर, पेशीचे शरीर १ मीटर रुंदीच्या खोपटाएवढे धरल्यास त्याच्या दारातून निघालेला दोर १० किलोमीटर दूर असलेल्या गावापर्यंत अखंड गेलेला दिसेल. शास्त्रज्ञ त्याला अक्षतंतू म्हणतात. हा दोर मध्येच तुटला तर पलीकडला भाग काही दिवसांत मरतो, कारण त्याचे पोषण मूळ शरीराकडून होत असते. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेचे तंतू कापून हे दाखवून दिले. अलीकडला भाग जिवंत राहतो, आणि मग त्याला पुन्हा त्या दूरच्या गावापर्यंत वाट काढीत जावे लागते. त्याचा वेग मनुष्याच्या शरीरात दिवसाला साधारण १ मिलिमीटर असतो.

हे सारे आज सोपे वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हा मोठ्या वादाचा विषय होता. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या रंगविण्याची युक्ती शोधली. मेंदू म्हणजे एकच एक सलग जाळे आहे, असे त्यांचे मत होते. स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यांनी त्यांचीच युक्ती वापरून नेमका उलट निष्कर्ष काढला : प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे आणि आपले तंतू तीच वाढविते. १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भातील मज्जारज्जू तपासताना वाढत्या तंतूच्या टोकाशी त्यांना एक फुगीर, पसरट भाग दिसला. यालाच आपण वृद्धिशंकू म्हणू. हा भाग हलत असला पाहिजे, वाट शोधत असला पाहिजे, असे काहाल यांनी मेलेल्या, रंगविलेल्या पेशीकडे पाहून सांगितले. १९०६ चे नोबेल पारितोषिक गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले. गोल्जी यांनी त्या समारंभाच्या व्याख्यानातही आपलाच सिद्धान्त मांडला, काहाल यांचा मान्य केला नाही.

निकाल पुढच्याच वर्षी लागला. अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील चेतानलिकेचा एक कण लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले. त्या कणातून तंतू बाहेर पडताना आणि पुढे सरकताना त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. काहाल यांचा तर्क खरा ठरला.

आता हा वृद्धिशंकू चालतो कसा ते पाहू. त्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. आकार पसरलेल्या पंज्यासारखा, आणि पंज्याच्या कडेला बारीक बोटे सतत बाहेर येतात, चाचपडतात, मागे जातात. आंधळा मनुष्य काठीने पुढची जमीन चाचपतो, तसाच हा प्रकार आहे. या बोटांच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. धाग्याच्या पुढच्या टोकाला ॲक्टिनचे नवे कण जोडले जातात, मागचे सुटे होतात, आणि सुटे झालेले कण पुन्हा पुढे येऊन लागतात. विहिरीवरचे रहाटगाडगे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. मायोसिन हे दुसरे प्रथिन याच वेळी ते धागे मागे ओढीत असते. नुसती ओढाताण चालू असेपर्यंत शंकू पुढे जात नाही. चिखलात बैलाचा खूर निसटत असतो तोवर गाडी हलत नाही, खूर रुतला की गाडी पुढे येते. त्याचप्रमाणे शंकूच्या पृष्ठभागावरील ग्राहक-प्रथिनांची बाहेरच्या जमिनीवर पकड बसली की मागची ओढ पुढच्या गतीत बदलते. मग मागून ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका त्या दिशेने शिरतात आणि मिळविलेली जागा पक्की करतात. आधी पाहणी, मग पकड, मग पक्के बांधकाम. आपल्या रस्त्यांच्या कामांतही हा क्रम पाळला जावा अशी अपेक्षा असते.

बांधकामाचे सामान बहुतांशी मूळ पेशीतून येते. कायनेसिन नावाचे प्रथिन सूक्ष्मनलिकेवरून अक्षरशः पावले टाकीत माल वाहून नेते. १९८५ मध्ये माकूळ या समुद्री प्राण्याच्या जाड तंतूवर काम करताना ते सापडले. त्याच्या पाठीवरचा जलद माल दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर जातो. मात्र सूक्ष्मनलिका ज्यापासून बनतात ते ट्यूब्युलिन मंद गाडीने येते, दिवसाला सुमारे १ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. तुटलेला तंतू घाई का करू शकत नाही, याचे एक कारण येथे आहे.

तथापि सर्वच गोष्टी मुख्यालयाकडून येतात असे नाही. १९८७ मध्ये एका प्रयोगात बेडकाच्या गर्भातील डोळ्याकडून मेंदूकडे निघालेले तंतू त्यांच्या पेशीपासून तोडण्यात आले. तरीही ते काही तास आपल्या मुक्कामाच्या दिशेने अचूक चालत राहिले. पुढे असे दिसून आले की, वृद्धिशंकू स्वतःजवळ ठेवलेल्या संदेशांवरून काही प्रथिने जागच्या जागी तयार करतो आणि वळण घेण्यासाठी त्यांची त्याला गरज असते. पंचायत राज्याच्या पुरस्कर्त्यांना यात आपल्या बाजूचा मुद्दा दिसला तर मी त्यांना दोष देणार नाही.

आता खरा प्रश्न. हा आंधळा प्रवासी जातो कोणाच्या सांगण्यावरून? येथे मला एका स्त्रीची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे. तिचे नाव रीता लेव्ही-मोंताल्चिनी. जन्म १९०९, इटलीतील तुरीन शहरी. वैद्यकीय शिक्षण पूर्ण झाले, संशोधनाला प्रारंभ झाला, आणि १९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने ज्यूंना विद्यापीठांची दारे बंद केली. तिने आपल्या निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रे केली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भावर काम चालू ठेवले. बॉम्बवर्षाव सुरू झाल्यावर बिऱ्हाड खेड्यात हलले, प्रयोगशाळाही त्याबरोबर गेली. अन्नाची टंचाई होती, तेव्हा प्रयोग झाल्यावर उरलेली अंडी स्वयंपाकघरात जात. गर्भाच्या वाढत्या पायाचा कोंब काढून टाकला की त्या पायाकडे निघालेल्या चेतापेशी मरतात, हे तिने या काळात बारकाईने पाहिले. म्हणजे पाय त्या पेशींना काहीतरी देत असला पाहिजे.

युद्धानंतर, १९४७ मध्ये, व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून ती अमेरिकेतील सेंट लुईस येथे गेली. उंदराच्या एका विशिष्ट गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात ठेवला की तंतू त्या गाठीत बेसुमार शिरतात, असे तेथे दिसून आले होते. १९५२ मध्ये तिने ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे हाच प्रयोग काचेच्या बशीत करून पाहिला. चेतापेशींच्या गोळ्याजवळ गाठीचा तुकडा ठेवला, आणि एका दिवसात त्या गोळ्याभोवती सूर्यबिंबाच्या किरणांसारखे तंतू फुटले. पुढे स्टॅन्ली कोहेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने त्या द्रव्याचा शोध हाती घेतला. ते द्रव्य प्रथिन आहे की न्यूक्लिइक आम्ल, हे ठरविण्यासाठी कोहेन यांनी न्यूक्लिइक आम्ल नष्ट करणारे सापाचे विष त्यात मिसळले. तंतू कमी होण्याऐवजी उलट वाढले! सापाच्या विषातच ते द्रव्य गाठीपेक्षा कितीतरी अधिक होते. विषग्रंथी ही एका अर्थी लाळग्रंथीच, म्हणून त्यांनी उंदराची लाळग्रंथी तपासली, आणि तेथे भांडार सापडले. चेतावृद्धिकारक हे त्या प्रथिनाचे नाव. १९८६ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही विदुषी २०१२ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी निवर्तली.

पोषण देणारे सापडले, तरी वाट दाखविणाऱ्याचा शोध बाकी होता. गर्भाच्या मज्जारज्जूत पाठीच्या बाजूला असलेल्या काही पेशींचे तंतू पोटाच्या बाजूकडे खाली येतात, मध्यरेषा ओलांडतात आणि मग डोक्याकडे वळतात. मध्यरेषेकडून एखादे रसायन झिरपत असेल आणि त्याच्या ओढीने ते येत असतील, असा काहाल यांचाच तर्क होता. ते रसायन १९९४ मध्ये मार्क टेसिए-लाव्हीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या हजारो गर्भांच्या मेंदूंतून वेगळे काढले आणि त्याला नाव दिले नेट्रिन. हे नाव त्यांनी संस्कृतातून घेतले, 'नेतृ' म्हणजे नेणारा, वाट दाखविणारा. आपला 'नेता' तोच, आणि 'नेत्र' हा शब्दही त्याच 'नी' धातूचा. हे प्रथिन सूक्ष्म सुतकृमीत आहे, माशीत आहे, कोंबडीत आहे आणि माणसातही आहे.

गंमत अशी की, नेत्याने नुसते ओढून चालत नाही. मध्यरेषा ओलांडल्यानंतरही ओढ कायम राहिली तर तंतू तेथेच घोटाळत राहील. म्हणून पलीकडे गेल्याबरोबर तंतूची नेट्रिनविषयीची ओढ मावळते आणि स्लिट नावाचे मध्यरेषेवरचेच दुसरे प्रथिन त्याला दूर लोटू लागते. स्लिट ओळखणारा ग्राहक ज्यांच्यात बिघडलेला असतो अशा फळमाश्यांत तंतू मध्यरेषेवर पुनःपुन्हा इकडून तिकडे फिरतात. सेमाफोरिन हा दूर लोटणाऱ्या प्रथिनांचा आणखी एक वर्ग. स्टेशनाबाहेर हात वर-खाली करणारा जुना रेल्वे सिग्नल ज्यांना आठवतो त्यांना या नावाचे मूळ सांगावयास नको. नेट्रिन ओळखणाऱ्या ग्राहकाच्या जनुकात दोष असला तर काही माणसांत असे आढळते की, उजव्या हाताने लिहावे तो डावा हातही नकळत तीच हालचाल करतो. हा शोध २०१० मधला. लहान मुलांत अशी हालचाल थोड्या प्रमाणात स्वाभाविक असते आणि वयाबरोबर ती कमी होते. ती ठळक असेल आणि मोठेपणीही टिकून राहिली, तर शिक्षकांनी त्या मुलावर रागावू नये, त्याला तज्ज्ञांकडे पाठवावे.

या क्षेत्रात आपल्या राज्याचाही वाटा आहे. डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणुजीवशास्त्राचा विभाग उभा केला. फळमाशीच्या चेतासंस्थेचा जनुकीय अभ्यास आपल्या देशात तेथून सुरू झाला. त्यांच्या शिष्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीला वास आणि चव कशी कळते आणि त्या चेतासंस्थेची जुळणी कशी होते, यावर आयुष्यभर काम केले.

मग मनगटातला तंतू पुन्हा वाढतो, आणि पाठीचा कणा मोडलेला मनुष्य मात्र उठत का नाही? याचे उत्तर कॅनडात सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांच्या १९८१ च्या प्रयोगाने दिले. पायाच्या ज्ञानतंतूचा तुकडा त्यांनी उंदीरजातीय प्राण्याच्या मज्जारज्जूला जोडला, तेव्हा मज्जारज्जूतील तंतू त्या तुकड्यातून कितीतरी लांब वाढले. तंतूंत वाढण्याची शक्ती होती, भोवतालची जमीन त्यांना वाढू देत नव्हती. मज्जारज्जूतील आवरणात वाढ रोखणारी प्रथिने असतात. हातापायात याच्या उलट स्थिती. तंतूला गुंडाळणाऱ्या श्वान पेशी तंतू तुटल्यावर मागे राहतात, रांगेने उभ्या राहून नळी तयार करतात, पोषक द्रव्ये सोडतात आणि नव्या तंतूला त्या नळीतून नेतात. परंतु हा पाहुणचार कायमचा नसतो. महिने उलटत जातात तसतशा या पेशी क्षीण होतात आणि नळ्या आकसतात. तंतूविना राहिलेला स्नायूही साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर असा वाळतो की, तंतू येऊन पोहोचला तरी त्याचा उपयोग होत नाही.

आता हिशेब करा. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूंपर्यंत ७-८ सेंटिमीटर, म्हणजे अडीच-तीन महिने. बोटाच्या टोकाला स्पर्श कळावयाचा तर सहा महिने. कोपराशी तंतू तुटला तर पंज्याच्या स्नायूंपर्यंत अंदाजे ३० सेंटिमीटर, म्हणजे दहा महिने. काखेजवळ तुटला तर दीड वर्षाहून अधिक. यात टाक्याची जागा ओलांडण्यात जाणारे आरंभीचे काही आठवडे मी धरलेले नाहीत. "हळूहळू येईल" म्हणून घालविलेले सहा महिने या हिशेबातून वजा होतात, आणि ते कोणत्याही औषधाने परत मिळत नाहीत. दोन्ही टोके एकमेकांसमोर नसतील तर तंतूला नळीच सापडत नाही, तो तेथल्या तेथे गुंता करून बसतो. म्हणून धारदार हत्याराच्या जखमेनंतर बोट बधिर असेल किंवा हलत नसेल, तर टाके घालून घरी पाठविणे पुरेसे नाही. त्या रुग्णाला पहिल्या काही दिवसांतच तंतू जोडणारा शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात, बहुधा वैद्यकीय महाविद्यालयात, पाठविले पाहिजे. तेथे केसाहून बारीक धाग्याने ही टोके जुळविली जातात.

हाच हिशेब कुष्ठरोगालाही लागू आहे, आणि तेथे तो अधिक कठोर आहे. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये पाहिलेला हा जंतू ज्या श्वान पेशींनी तंतूला वाट दाखवावी त्यांच्यातच घर करतो. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला तंतू कातडीच्या अगदी जवळ असतो. शरीराचे असे थंड भाग त्या जंतूला मानवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने जंतू मरतो, रोग बरा होतो. नष्ट झालेला तंतू मात्र त्या गोळ्यांनी परत येत नाही. तंतूची हानी सहा महिन्यांच्या आतली असेल तर वेगळ्या औषधाने, स्टेरॉइडने, पुष्कळ रुग्णांत शक्ती आणि संवेदना परत मिळू शकते. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरुग्णाची बोटे आपोआप झडत नाहीत. बधिर हाताला चटका कळत नाही, काटा कळत नाही, जखमेवर जखम होत राहते, आणि बोटे जातात ती त्यामुळे. वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने पाहणी, शिक्षण आणि उपचार यांची जी पद्धत घालून दिली, तिचे मर्म लवकर शोधण्यात होते. राष्ट्रीय पातळीवर हा रोग १०,००० लोकसंख्येमागे एका रुग्णाच्या खाली आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले, आणि तेव्हापासून गावोगावचे लक्ष काहीसे ढळले, असे मला वाटते. जगात दरवर्षी नव्याने आढळणाऱ्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच आढळतात.

तपासणीला यंत्र लागत नाही. डोळे मिटावयास सांगून तळहातावर आणि तळपायावर साध्या बॉलपेनचे टोक हलकेच टेकवावे आणि कोठे लागले ते बोटाने दाखवावयास सांगावे. करंगळी बाजूला नेऊन धरावयास, अंगठा तळहातापासून वर उचलावयास, पाऊल घोट्यातून वर करावयास सांगावे आणि आपल्या बोटाने विरुद्ध दाब द्यावा. दोन्ही बाजूंत फरक दिसला तर तारीख लिहून ठेवावी व त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तारीख मी मुद्दाम सांगितली. पुढचे सारे उपचार त्या तारखेवर अवलंबून असतात.

ज्यांचा तंतू जोडला गेला आहे अशांसाठी आणखी एक साधी खूण आहे. फ्रान्सचे झ्यूल तिनेल यांनी ती १९१५ मध्ये वर्णन केली. तंतूच्या वाटेवर बोटांच्या बाजूने वर टिचकी मारीत यावे. ज्या ठिकाणी वाढती टोके येऊन पोहोचली असतील तेथे टिचकी पडताच बोटांकडे मुंग्या धावल्याची जाणीव होते. त्या ठिकाणी शाईने खूण करावी आणि जखमेपासूनचे अंतर वहीत लिहावे. महिन्याने पुन्हा पाहावे. खूण सुमारे तीन सेंटिमीटर पुढे सरकलेली असेल तर वाटचाल चालू आहे असे समजावे. दोन-तीन महिने ती जागची हलली नाही, तर रुग्णाला वहीसह पुन्हा शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.